अगरबत्तीचा धूर कुणाच्या नाकात जातो?

'गोष्टीतसुद्धा जात कशाला शोधता?' हा प्रश्न आपल्याला नेहमी ऐकवला जातो. मित्रहो, गोष्ट ज्याच्या डोळ्यांनी सांगितली जाते, त्याला दिसते तेवढेच प्रेक्षकाला कळते. आणि जात कुणाला दिसते, कुणाला दिसत नाही, हे काय नव्याने सांगायला हवे?

२०२३ सालची 'दहाड' मालिका घ्या. राजस्थानातल्या मंडावा ठाण्याची उपनिरीक्षक अंजली भाटी दलित आहे. ती जवळून गेली की एक पोलीस कर्मचारी अगरबत्ती लावतो. ठाणेदार देवीलाल सिंह हा भला माणूस. पण नायक तो असता तर ही अगरबत्ती ठाण्यातल्या पंख्यासारखी मागे कुठेतरी राहिली असती. कॅमेरा अंजलीबरोबर चालतो, म्हणून तो धूर आपल्या नाकात जातो. तिचे मूळ आडनाव मेघवाल. वडिलांनी ते का बदलले असेल, हे आपल्या वस्तीत कुणालाही समजावून सांगावे लागत नाही.

त्याच वर्षी 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या पर्वात पल्लवी मेणकेचे बौद्ध पद्धतीचे लग्न दाखवले. नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केलेला तो भाग पाहून आपल्यापैकी अनेकांचे डोळे भरून आले, आणि ते साहजिकच होते. पण मालिका आहे तारा आणि करण या लग्न-नियोजकांची. पल्लवी त्यांची ग्राहक. ती एका भागापुरती येते आणि लग्न लागले की जाते. सासरी बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लागला की कपाटात गेला? ताराला ते कळण्याचे कारण नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही. एका भागाच्या पाहुणचाराला 'प्रतिनिधित्व' म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी एवढे तरी विचारावे.

'दहाड'ही यातून पूर्ण सुटत नाही. खुनी कोण, हे प्रेक्षकाला लवकरच कळते. मग त्याचे घर, बायको, मुलगा, कॉलेजातली प्राध्यापकी, सगळे तपशिलात येते. हुंड्याला पैसे नसलेल्या घरांतल्या, बेपत्ता झाल्याची साधी तक्रारही न नोंदलेल्या मुली मात्र बहुतेक फोटोपुरत्याच उरतात. कुणी जिवंत दिसली, तर त्याच्या जाळ्यात सापडतानाच. त्या काय शिकल्या होत्या, कशावर हसायच्या, घर सोडताना त्यांना कोणते आयुष्य हवे होते? अंजलीच्या हाती त्यांची फाइल येते तोवर हे सांगणारी मुलगीच उरलेली नसते.