पिवळंधमक साठ कुणाचं?

मे महिन्यात ताटांना तुपाचा हात फिरवून मी आंब्याचा रस उन्हात घालते. थर वाळला की वर दुसरा. साठ होतं ते तपकिरी, जरा काळपटच.

पाकिटावर १४ आकडी नोंदणी क्रमांक, हिरवा ठिपका, घटक, वजन सगळं छापते. पहिल्या खेपेला शेवटची तारीखच राहिली. दोनशे स्टिकरं नखांनी खरवडली. तरी कुरकुर नाही.

गिऱ्हाइकाला मात्र पिवळंधमक हवं. तो रंग पुष्कळदा सल्फाइटने टिकवलेला. किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर लेबलवर सांगावंच लागतं, दम्याच्या काही लोकांना ते बाधतं म्हणून. पण सांगतात मुंगीएवढ्या अक्षरांत! ते हिरव्या ठिपक्याशेजारी ठळक हवं.

परवा एक काका म्हणाले, "वहिनी, जुनं दिसतंय हो." मी तुकडा तोडून हातावर ठेवला.