गाळू नका, वाचून दाखवा

गेल्या शनिवारी आमच्या कादंबरीच्या कट्ट्यावर एक कागद हातोहात फिरला आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. या सदराच्या जुन्या वाचकांना हा कट्टा नवा नाही. पुण्यात, पेठेतल्या ग्रंथालयाच्या माडीवर आम्ही काही जण मराठी कादंबऱ्यांची एक लांबलचक यादी वाचत चाललो आहोत. त्या यादीतली बरीच पुस्तकं गाळून टाकावीत, असं त्या कागदावर सुचवलं होतं. प्रत्येक नावापुढे कारणही लिहिलं होतं : फार जुनी, फार जाड, नाहीतर भाषा कळत नाही.

कागद आणणारे गृहस्थ आमच्या कट्ट्याचं वेळापत्रक सांभाळतात. कुणाकडे कुठलं पुस्तक आहे, कुणी परत केलं नाही, कुणाला झेरॉक्स काढून द्यायची, हे सगळं त्यांच्या वहीत असतं. ते नसते तर हा कट्टा केव्हाच विस्कटला असता. या वेगानं गेलो तर यादी संपेपर्यंत त्यांची ऐंशी उलटेल, असा हिशेब त्यांनी मांडला. "मला ही यादी पुरी झालेली बघायची आहे हो," असं ते म्हणाले आणि माडीवर सगळे गप्प झाले. माणूस मनापासून बोलत होता. म्हणूनच त्यांना उत्तरही मनापासून द्यायला हवं.

यादी कशी आहे ते थोडक्यात सांगते. तिची सुरुवात बाबा पदमनजींच्या १८५७च्या 'यमुनापर्यटन'पासून होते आणि शेवट भालचंद्र नेमाड्यांच्या २०१०च्या 'हिंदू'वर. मधे हरिभाऊ आपटे, वामन मल्हार जोशी, केतकर, विभावरी शिरूरकर, बेडेकर, पेंडसे, माडगूळकर, अण्णा भाऊ साठे, उद्धव शेळके, भाऊ पाध्ये, आनंद यादव, बोराडे अशी मंडळी आहेत. आम्ही सालाप्रमाणे जात नाही. दोन-दोन कादंबऱ्या जोडीनं घेतो, एकमेकींशी बोलतील अशा. एक नाव गाळलं की एक जोडी फुटते आणि उरलेली कादंबरी एकटी पडते. त्या कागदाचा मला राग आला तो यासाठी.

'फार जुनी' या कारणाचंच बघा. आमची पहिली जोडी होती 'यमुनापर्यटन' आणि 'पण लक्षात कोण घेतो'. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा, आणि पुढच्याच वर्षी पदमनजींचं पुस्तक आलं. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणी तिला विधवा भेटतात, त्यांच्या कहाण्या ती ऐकते आणि शेवटी तिच्यावरच तो प्रसंग येतो. पदमनजी स्वतः ख्रिस्ती झालेले होते, त्यांना धर्माविषयी सांगायचं होतं आणि ते त्यांनी उघडपणे सांगितलं आहे. कादंबरी म्हणून बांधणी विसविशीत आहे, उपदेश फार आहे. पण त्या बायकांच्या कहाण्या वाचताना आमच्यातली एक मुलगी मधेच उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. ती पंचविशीतली, संगणकावर काम करणारी. केशवपन म्हणजे काय, हे तिनं शाळेत एका ओळीत वाचलं होतं, तेवढंच.

त्यानंतर लगेच आम्ही हरिभाऊंची यमू हातात घेतली. 'करमणूक' या साप्ताहिकातून ती १८९०पासून तीन वर्षं क्रमशः येत होती. पदमनजींच्या पुस्तकात विधवेची गोष्ट दुसरं कुणीतरी ऐकतं. हरिभाऊंनी यमूलाच बोलायला लावलं. ती आपलं बालपण सांगते, भांडणं सांगते, दादाशी असलेलं गूळपीठ सांगते, नवऱ्याशी हळूहळू जुळत गेलेली मैत्री सांगते. आणि हे सगळं इतकं रमून सांगते, की पुढे काय वाढून ठेवलंय हे माहीत असूनही आपण ते विसरतो. मराठी कादंबरीनं जेमतेम तीस-पस्तीस वर्षांत घेतलेली ही झेप आहे. नुसते हरिभाऊ वाचले तर ती दिसत नाही, आधी पदमनजी वाचलेले असावे लागतात. आता त्या कागदावर 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' ही नावं खोडलेली पाहिली. हळब्यांची १८६१ची, गुंजीकरांची १८७१ची. त्या वाचल्यावर आवडतील की नाही, हा पुढचा प्रश्न. न वाचताच त्यांना अभ्यासकांच्या हवाली करून मोकळं व्हायला मी तयार नाही.

'फार जाड' याबद्दल फार बोलायची गरज नाही. 'तुंबाडचे खोत' दोन खंडांची आहे म्हणून तिच्यावर काट मारली आहे. आमच्या कट्ट्यावर सगळ्यात जास्त शनिवार घेतले ते विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'नं. ती एवढीशी चोपडी, १९३९ची. युरोपातून निघालेल्या बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत, त्यांच्यात हेर्टा आहे, आणि घरी परतणारा चक्रधर आहे. महायुद्ध पेटलं त्याच साली एका मराठी लेखकानं हे लिहिलं. त्या बोटीवरून आमचा पायच निघेना. तेव्हा पानं मोजून वेळापत्रक आखता येत नाही, एवढंच मी म्हणेन.

तिसरं कारण मात्र मला खरोखर झोंबलं. 'भाषा कळत नाही' या सदरात 'धग' होती, 'गोतावळा' होती, 'पाचोळा' होती. मराठी वाचकानं, तेही पुण्यात बसून, उद्धव शेळक्यांच्या १९६०च्या 'धग'ला 'भाषा कळत नाही' म्हणून बाजूला सारावं? माझा आवाज चढला होता, हे मी नाकारत नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. कौतिकसारखी बाई मराठी कादंबरीत दुसरी नाही. दारिद्र्याशी, नवऱ्याच्या नाकर्तेपणाशी, त्याच्या आजाराशी ती ज्या चिवटपणे झुंजते, ते वाचायचं राहिलं तर ही यादी पुरी करून आपण नेमकं काय पुरं केलं?

मी आणखी बोलणार होते. तेवढ्यात कोपऱ्यातून काकूंचा आवाज आला, "काहून गाळता बावा? आना इकडं, मी वाचून दाखोतो."

या काकू मूळच्या अमरावतीकडच्या. मुलाच्या नोकरीमुळे पुण्यात आल्या त्याला पुष्कळ वर्षं झाली. कट्ट्यावर नियमानं येतात, कमी बोलतात, आणि बोलतात तेव्हा अगदी आमच्यासारखं, जपून, शब्द निवडून. त्यांच्या घरची बोली आम्ही त्या दिवसापर्यंत एकदाही ऐकलेली नव्हती. इतकी वर्षं आमच्यात बसून त्यांनी ती दाराबाहेर चपलांशेजारी ठेवलेली होती. आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

काकूंनी पुस्तक उघडलं आणि कौतिक आणि तिच्या नवऱ्यामधला एक प्रसंग वाचायला घेतला. शेळक्यांच्या कादंबरीत माणसं वऱ्हाडीत बोलतात. मनातल्या मनात वाचताना आम्ही ती बोली शब्दाशब्दाला अडखळत, अर्थ लावत वाचली होती. त्यामुळे आमची कौतिक कर्कश झाली होती, सदा त्रागा करणारी. काकूंनी तेच संवाद वाचले ते दमलेल्या, जवळजवळ हलक्या आवाजात. जिथे आम्हाला भांडण वाटलं होतं, तिथे त्यांच्या आवाजात विनवणी होती. एके ठिकाणी तर त्या वाचता वाचता हसल्या. आम्ही विचारलं, इथे हसण्यासारखं काय आहे? त्या म्हणाल्या, ती त्याला चिडवते आहे, रागावलेली नाही, आमच्याकडे बायका नवऱ्याला अशाच बोलतात. आम्ही पान उलटून पुन्हा वाचलं. खरंच होतं ते. तिचं आपल्या माणसावर प्रेम आहे, हे आमच्या निम्म्या लोकांच्या लक्षातच आलेलं नव्हतं.

मग कुणालाच थांबवेना. कोल्हापूरकडचा एक मुलगा आमच्यात आहे, बँकेत काम करतो. त्यानं 'गोतावळा' मागून घेतली आणि नारबाच्या तोंडचं वाचायला लागला. आनंद यादवांची ही १९७१ची कादंबरी अख्खीच्या अख्खी कोल्हापूरकडच्या बोलीत आहे. ना घर ना दार असा शेतावर राबणारा गडी, गुरंढोरं हाच त्याचा गोतावळा, आणि मळ्यात ट्रॅक्टर येतो. समीक्षेत तिच्याबद्दल यंत्रयुग आणि कृषिसंस्कृती असं सगळं लिहिलेलं असतं आणि ते चूक नाही. पण त्या मुलाच्या तोंडून आम्हाला ऐकू आला तो आपल्या बैलांच्या खोड्या सांगताना रंगून गेलेला एकटा माणूस. वाचून झाल्यावर तो म्हणाला, माझे आजोबा असंच बोलायचे, आणि शाळेत मी असं बोललो की बाई दुरुस्त करायच्या. पुढे तो काही बोलला नाही.

ही दुरुस्ती हा माझा जुना राग आहे, तुम्हाला माहीत आहे. बोलीतलं वाचायला अवघड जातं याचं कारण बोलीत नाही. आपण ती ऐकतच नाही, हे कारण आहे. पुण्या-मुंबईच्या घरांत कामाला येणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या माणसांकडे वऱ्हाडी, माणदेशी, मालवणी, अहिराणी सगळं असतं. ती माणसं आपल्याशी बोलताना ते पुसून बोलतात आणि आपण ते पुसलेलंच चालवून घेतो. मग छापील पानावर ती बोली परकी वाटते यात नवल काय? ज्यांच्या घरात ती आहे त्यांना पुस्तक हातात देऊन 'वाचा' म्हणणं एवढं सोपं होतं, आणि एवढ्या वाचनमंडळांमध्ये ते मी कुठे पाहिलेलं नाही.

फक्त ऐकून भागतं असंही मला म्हणायचं नाही. कोण लिहितंय आणि कुठे उभं राहून लिहितंय, हेही बघावं लागतं आणि तिथे पुन्हा जोडी कामाला येते. विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, यांची १९५०ची 'बळी' आम्ही अण्णा भाऊंच्या १९५९च्या 'फकिरा'बरोबर जोडली आहे. ज्यांना इंग्रज सरकारनं जन्मजात गुन्हेगार ठरवून टाकलं, अशा जमातींच्या सोलापूरच्या काटेरी तारेतल्या वसाहतीवर 'बळी' आहे. मालतीबाईंनी तिथे अधिकारी म्हणून नोकरी केली होती. त्यांची दृष्टी करुणेची आहे, चौकस आहे आणि ती तारेच्या या बाजूनं आत बघणारी आहे. 'फकिरा'तला मांगवाडा मात्र आतून बोलतो. तिथला राणोजी गावाला जत्रेचा मान मिळावा म्हणून जोगणी आणायला निघतो तेव्हा कुणाच्या दयेची वाट बघत नाही. ज्या कायद्याखाली ही माणसं हजेरी देत होती तो १८७१चा, आणि रद्द झाला १९५२ साली, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. दोन्ही पुस्तकं जवळजवळ ठेवली की 'बळी' कमी ठरत नाही. तिच्यातला प्रामाणिकपणा जास्त दिसतो आणि तिला काय दिसू शकलं नाही, तेही दिसतं. त्या कागदावर 'बळी'पुढे 'फार जुनी' असं लिहिलेलं होतं. 'फकिरा' मात्र ठेवली होती.

असो. त्या दिवशी कागदावर मतदान झालंच नाही. काकू वाचत राहिल्या, खाली ग्रंथालयाचे शिपाई दिवे मालवायला आले तेही जिन्यात उभे राहून ऐकू लागले आणि वेळापत्रकवाल्या गृहस्थांनी वहीत काहीतरी खोडून पुन्हा लिहिलं. "हे असं चाललं तर तुमची यादी कधीच सरणार नाही," असं कुणीतरी त्यांना म्हणालं. काकूंनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "सरवून कोठी जाचं हाये तुमाले?" सगळ्यात मोठ्यानं ते गृहस्थच हसले.

'धग'ची जोडी आहे रा. रं. बोराडे यांची १९७१ची 'पाचोळा'. दोन्ही घरांत शिवणाचं मशीन आहे, दोन्हींकडे बाईच संसार ओढते आहे. 'पाचोळा'तली पारबती आपली सगळी गोष्ट मराठवाड्याच्या बोलीत स्वतःच सांगते, आणि आमच्या कट्ट्यावर त्या भागातलं कुणी नाही. तेव्हा लातूर, धाराशिवकडची एखादी बाई हे सदर वाचत असेल आणि पुण्यात राहत असेल, तर तिनं शनिवारी संध्याकाळी यावं. आधी कादंबरी वाचलेली असण्याची अट नाही, समीक्षेतलं काही ठाऊक असण्याचीही नाही. पुस्तक आम्ही देऊ.