घरांतील यंत्रें : मोटारीचे इंजेक्टर

पुण्याच्या एका वाचकभगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. घर एकत्र कुटुंबाचें, दारांत बारा वर्षांची पेट्रोल मोटार. गेले कांहीं दिवस गाडी उभी असतांना इंजिन थरथरतें, चौकांत थांबल्यावर बंद पडूं पाहतें. गॅरेजवाल्यानें 'चारही इंजेक्टर बदलावे लागतील' असें सांगितलें, आणि जो आंकडा सांगितला तो ऐकून मामंजी दिवसभर कोणाशीं बोलले नाहींत. धाकट्या भावोजींचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. तो म्हणतो, 'आजोबा, येत्या रविवारीं मी ते काढून पाहतों.' मामंजी म्हणतात, पेट्रोलशीं खेळ नको. भगिनींचा प्रश्न असा कीं, आम्ही घरच्यांनीं कोणाचें ऐकावें?

दोघांचेंही ऐकावें, असें आमचें मत आहे. मुलाचें म्हणणें खरें, कारण हें काम घरीं होण्यासारखें आहे. मामंजींचें भयही खरें, कारण यांत धोका आहे; मात्र तो कोठें आहे हें दोघांनींही नीट जाणून घेतलें पाहिजे.

पूर्वीं पेट्रोल व हवा यांचें मिश्रण कार्बुरेटर करीत असे. १९८३ सालीं निघालेली पहिली मारुति ८०० तशीच होती. विजेच्या नियंत्रणाखालीं चालणारें पेट्रोल-इंजेक्शन जर्मनीच्या बॉश कंपनीनें १९६७ सालीं फोक्सवॅगनच्या गाडीसाठीं बाजारांत आणलें, आणि आपल्याकडे सन २००० पासून धुराचे निर्बंध कडक होऊं लागले तसतसा कार्बुरेटर मोटारींतून नाहींसा झाला. नव्या रचनेंत टाकींतला पंप पेट्रोल दाबानें पुढें ढकलतो व तें इंजिनाच्या माथ्याशीं आडव्या बसविलेल्या एका नळींत येतें. हिलाच फ्युएल रेल म्हणतात. वाड्यांतल्या सामाईक नळास चार तोट्या असाव्यात तसे या रेलला चार इंजेक्टर असतात. इंजेक्टर म्हणजे विजेनें उघडणारी झडप. संगणकाचा इशारा आला कीं आंतली सुई उचलली जाते, सेकंदाचे कांहीं सहस्रांश उघडी राहते, आणि तेवढ्यांत मोजून मापून पेट्रोलचे तुषार हवेच्या वाटेंत पडतात.

आतां पहिला प्रश्न, जो गॅरेजवाल्यास कोणीं विचारला नाहीं: दोष इंजेक्टरचाच कशावरून? स्टिअरिंगखालच्या खोबणींत लावावयाचें एक लहानसें उपकरण हल्लीं स्वस्तांत मिळतें. तें दोषाचा क्रमांक दाखवितें. पी ०३०२ असा आंकडा आला तर दुसऱ्या सिलिंडरांत ज्वलन चुकत आहे असें समजावें. इंजेक्टरला हात लावण्यापूर्वीं दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांच्या कॉइली आणि प्लग यांची अदलाबदल करावी. क्रमांक बदलून पी ०३०३ झाला तर रोग कॉइलींत किंवा प्लगांत आहे आणि इंजेक्टर निर्दोष सुटले. क्रमांक हलला नाहीं, तर मग रेल काढून त्या दोन इंजेक्टरांची तशीच अदलाबदल करावी. एकच दोषी ठरला तर चारांचे पैसे कां भरावे? आणि एकही दोषी न ठरल्यास वाल्व व दाबाची तपासणी गॅरेजांतच करावी लागेल. चारही सिलिंडर सारखेच अडखळत असतील तर चौघे इंजेक्टर एकदम आजारी पडले असें मानण्यापूर्वीं हवा कोठून शिरते काय, पंपाचा दाब कमी आहे काय, हें पाहिलें पाहिजे.

रेल काढण्याचें काम बोल्टांच्या दृष्टीनें फारसें अवघड नाहीं. बहुधा दोनच बोल्ट, दहा नंबरच्या गोटीनें निघणारे. धोका आहे तो रेलमध्यें कोंडलेल्या पेट्रोलचा. तेथें तीन ते चार बार दाब असतो. मोटारीच्या चाकांत आपण हवा भरतों ती सव्वादोन बारच्या आसपास. हा दाब इंजिन बंद केल्यावरही तासन् तास टिकूं शकतो, कारण दुसऱ्या वेळीं गाडी चटकन् सुरू व्हावी म्हणून तो राखण्याची योजनाच केलेली असते. आम्हीं स्वतः एकदां ही चूक केली आहे. गाडी रात्रभर उभी होती, दाब उतरलाच असेल असें धरून जोडणी सोडविली, आणि पेट्रोलचा फवारा थेट चष्म्यावर आला. चष्मा होता म्हणून डोळे वांचले. इंजिन थंड होतें म्हणून गाडी वांचली.

यासाठीं इंजिन प्रथम पूर्ण थंड होऊं द्यावें. मग पेट्रोल-पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून गाडी सुरू करावी. उरलेलें पेट्रोल जाळून ती आपोआप बंद पडेल. पुन्हां दोन-तीनदां स्टार्टर फिरवावा. त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडवावी. इतकें करूनही जोडणीभोंवतीं जाड फडकें गुंडाळल्यावांचून ती उघडूं नये, कारण थोडें पेट्रोल सांडतेंच. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते, आणि शून्याखालीं चाळीस अंशांवरही पेट्रोलची वाफ पेट घेऊं शकते. म्हणून हें काम बंद पडवींत करूं नये. पलीकडे देवघरांत समई तेवत असेल, स्वयंपाकघरांत गॅस चालूं असेल, तर अंगण गांठावें. अग्निशामक नळकांडें हाताशीं असावें.

दुसरा शत्रु धूळ. इंजेक्टरांच्या बुडाशीं वर्षानुवर्षांची वाळू साचलेली असते. ती आधीं हवेनें उडवून टाकावी, नाहींतर इंजेक्टर उचलतांच ती सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेंत पडते. विजेच्या जोडण्या खटका दाबून काढाव्या, तारेस धरून ओढूं नये. प्रत्येकीस क्रमांकाची चिठ्ठी लावावी. नंतर बोल्ट काढून रेल दोन्हीं हातांनीं थोडी डावी-उजवीकडे हलवीत सरळ वर उचलावी. इंजेक्टर बहुधा तिच्याबरोबरच येतात. बोल्टांखालीं लहान नळ्या असतील तर त्या त्याच क्षणीं वाटींत ठेवाव्या. उघडीं पडलेलीं भोंकें धुतलेल्या फडक्यानें तत्काळ झांकावीं. तेथून एक वॉशर आंत गेला कीं हजारांचें काम लाखांकडे जातें.

इंजेक्टरचें तोंड सुईनें टोंचण्याचा मोह मुलांस होतो. तो आवरावा, तीं छिद्रें केसासारखीं सूक्ष्म असून तुषार कसे पडावे हें त्यांच्या आकारावर ठरतें. बॅटरी जोडून इंजेक्टर सतत उघडा धरूं नये, आंतलें वेटोळें जळतें. साफसफाई गॅरेजांतल्या ध्वनिलहरींच्या कुंडींतच करवावी.

इंजेक्टरच्या वर-खालीं दोन रबरी कड्या असतात, त्यांस ओ-रिंग म्हणतात. काढलेली जुनी कडी पुन्हां बसविणें ही या कामांतली सर्वांत महागडी काटकसर होय. वरची गळली तर पेट्रोल, खालची गळली तर हवा, आणि मग थरथर पहिल्यापेक्षां वाढते. पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळूं लागल्यापासून कड्या त्यास टिकतील ना, हें दुकानांत विचारूनच घ्यावें. बसवितांना तिला स्वच्छ इंजिन-तेलाचें बोट लावावें, इंजेक्टर सरळ दाबावा, आणि बोल्ट बेताने आवळावे. अॅल्युमिनियमचे आटे हलक्या हातानेंही जातात.

हें सर्व साध्या पेट्रोल गाडीविषयीं झालें. डिझेलच्या कॉमन-रेलमध्यें दाब सोळाशें बारपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. तो बारीक झोत कातडी भेदून शरीरांत शिरतो व शस्त्रक्रियेचा प्रसंग येतो. पेट्रोल थेट सिलिंडरांत फवारणाऱ्या नव्या गाड्यांतही दाब शेंकडों बार असतो. तेथें मामंजींचा शब्द अखेरचा समजावा आणि गाडी गॅरेजांतच न्यावी.

भगिनींच्या गाडीपुरतें शेवटचें एक काम राहतें. सर्व जोडून झाल्यावर इंजिन लगेच सुरू करूं नये. किल्ली नुसती 'चालूं'वर न्यावी, दोन सेकंद पंपाचा आवाज ऐकावा, बंद करावी, असें तीन-चारदां. तेवढ्यांत रेलमध्यें दाब भरतो. किल्ली मामंजींच्या हातीं द्यावी. मुलानें विजेरी घेऊन चारही कड्यांपाशीं थेंब दिसतो काय तें पाहावें, आणि त्यानें 'कोरडें आहे' म्हटल्यावरच मामंजींनीं इंजिन सुरू करावें.