दस्तुरखुद्द

उत्तर पेशवाईत ज्याच्या नजरेखालून गेल्यावाचून पुण्याच्या दफ्तरात जमाखर्चाची नोंद पक्की होत नसे, सरदारांच्या सरंजामांपासून किल्ल्यांवरील शिबंदीच्या रोजमुऱ्यापर्यंत दौलतीच्या सर्व व्यवहारांचे बारकावे ज्याला मुखोद्गत असत, आणि ज्याच्या मनातला बेत निकटवर्तीयांनाही सहसा कळू शकत नसे, त्या नाना फडणविसांनी स्वतःविषयी जो लहानसा वृत्तांत लिहून ठेवला आहे, तो वाचणारा मनुष्य प्रथम थक्क होतो आणि मग अंतर्मुख होतो. मुत्सद्देगिरीचा मागमूसही त्यात नाही. पोरवयात मनाला झालेली विषयवासनेची बाधा, ईश्वरभक्तीकडे असलेली ओढ, 1761 साली पानिपताहून जीव घेऊन केलेले पलायन आणि त्या धुमाळीत कायमची अंतरलेली जन्मदात्री, एवढेच त्याचे मुख्य विषय. त्या वेळी नाना विशीचेही नव्हते. पुढे साऱ्या राज्याची सूत्रे हाती आल्यावर या तपशिलांपैकी एकही उघड करण्याची त्यांना गरज नव्हती. कोणी त्यांची कैफियत मागितली नव्हती, कोणत्याही न्यायसभेपुढे जबानी द्यावयाची नव्हती, आणि रणातून पळालो हे आपल्याच हाताने लिहून ठेवण्यात लौकिकदृष्ट्या त्यांचा काडीचाही फायदा नव्हता.

तरीही त्यांनी ते लिहिले. ते का लिहिले असेल, आणि त्यांच्याआधी व नंतर या भाषेत इतक्या जणांनी असे का लिहिले, हा या वर्षीच्या अंकाचा विषय आहे.

या विषयावर सामान्यतः जी उत्तरे दिली जातात ती आम्हांला अपुरी वाटतात. कीर्तीसाठी लिहितात असे म्हणावे, तर कीर्ती इच्छिणारा मनुष्य स्वतःला उणेपणा आणणारी गोष्ट वगळून टाकतो. मनावरचे ओझे उतरावे म्हणून लिहितात असे म्हणावे, तर त्यासाठी जिवलग मित्रापाशी बोलून घेणे पुरेसे असते; वर्षानुवर्षे कागदाशी झगडण्याचे कारण पडत नाही. पुढील पिढीला मार्गदर्शन व्हावे हा हेतू प्रस्तावनांतून आढळतो खरा, पण उत्तम आत्मवृत्तांत उपदेशाचा भाग सर्वांत दुबळा असतो आणि वाचक तो भरभर उलटून पुढे जातो. आमची समजूत अशी आहे की, मनुष्य जन्माला आल्यापासून त्याची नोंद दुसरेच कोणी तरी करीत असते: उपाध्याय जन्मपत्रिकेत करतो, सरकार आपल्या दफ्तरात करते, भाऊबंद आपापल्या बोलण्यात करतात, आणि गाव तर कुणाचीच परवानगी न घेता करून मोकळे होते. या साऱ्या परक्या हस्ताक्षरांत आपले आयुष्य ज्याला ओळखता येत नाही, तो एके दिवशी स्वतः लिहावयास बसतो. आणि तो सत्यच लिहितो याचे कारण असे की, तेथेही त्याने लोकांना रुचेल तेच लिहिले, तर ती नोंद पुन्हा लोकांचीच होते व त्याचे सारे श्रम वाया जातात.

सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनपर अभंगांत याचा पडताळा येतो. तुकोबांना गुरू मानणाऱ्या या ब्राह्मण स्त्रीने आपल्या पतीने केलेली मारहाण अभंगात सांगितली. त्याच पतीविषयीची आपली निष्ठाही सांगितली. आणि या दोहोंतला विरोध मिटवून घेण्याची घाई केली नाही. स्त्रीने घरातला मार घरातच ठेवावा अशी ज्या समाजाची आज्ञा होती, त्या समाजात ती देवापुढे साक्ष देत होती, आणि देवापुढे द्यावयाच्या साक्षीत पतीचा बचाव करण्यापुरतेही असत्य तिला चालण्यासारखे नव्हते.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ज्या परंपरेचा पाया घातला, तिचेच आम्ही आज देणे लागतो. त्याच्या पुढच्याच वर्षी रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झाले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माधवराव रानडे यांनी प्रथम पत्नीच्या निधनानंतर 1873 साली वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत अडचणीची जागा. आणि ती अकरा वर्षांची कुमारिका म्हणजे स्वतः लेखिकाच. पतीवर देवासारखी भक्ती असणाऱ्या या बाईंनी तो प्रसंग झाकला नाही. वडील आणि मुलगा यांच्यातील ताण, घरातील वडीलधाऱ्या बायकांनी लिहिण्यावाचण्यावरून त्यांना केलेला जाच, हे सारे त्यांनी अत्यंत शांतपणे नोंदविले. माधवरावांची थोरवी त्याने उणावली नाही. उलट, आपल्या तत्त्वापाशी एकदा हरलेला आणि ते जन्मभर विसरू न शकलेला मनुष्य म्हणून ते आपल्याला अधिक जवळचे वाटतात.

धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे यांच्या ‘आत्मवृत्ता’पाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. हे पुस्तक 1915 साली निघाले. कोकणातल्या मुरुडाहून सह्याद्री ओलांडून सुमारे 110 मैलांची पायपीट करून हा मुलगा सोबत्यांबरोबर सातारा येथे परीक्षेस गेला, आणि चणीने लहान दिसतो, वय भरलेले नसावे, अशी शंका घेऊन परीक्षकांनी त्याला बसू दिले नाही. एवढे श्रम एका दृष्टिक्षेपात निष्फळ ठरले. अण्णासाहेब हा प्रसंग सांगतात तेव्हा त्यात कोणाविषयी कडवटपणा नाही, आणि पुढच्या यशाची पायरी म्हणून त्याला चढविलेला मुलामाही नाही. आपण फार निराश झालो, एवढेच कळते. पुढे 1893 साली त्यांनी विधवेशी विवाह केला, मुरुडकरांनी बहिष्कार घातला, स्वतःच्या आईच्या घरी जाणेही दुरापास्त झाले. आणि मग विधवांसाठी काढलेल्या संस्थेचा संसार सुरू झाला. जवळचा पैसा तिकडे गेला, विम्याची पॉलिसीदेखील तिकडे गेली, आणि यात घरच्या माणसांची ओढाताण झाली, हे अण्णासाहेबांनी प्रामाणिकपणे मान्य केले आहे.

परंतु ही ओढाताण कशी असते ते त्यांच्या पुस्तकातून पुरते कळत नाही. ते कळण्यासाठी त्यांच्या पत्नी आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ वाचावे लागते. देवमाणसाच्या घरात भाजीपाल्याचा हिशोब कोणी तरी करावाच लागतो, मुलांच्या शिक्षणाची आणि उद्याची चिंता कोणी तरी वाहावीच लागते, आणि त्या चिंतेला थोरवी चिकटत नाही. बायांनी, आनंदीबाईंना सगळे बायाच म्हणत, हे आपल्या बोलीत, न भिता, आणि नवऱ्याच्या कार्यावरील श्रद्धा तसूभरही ढळू न देता सांगितले. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचताना आम्हांला नेहमी वाटते की, अण्णासाहेबांचे सत्य बायांच्या सत्यावाचून अर्धे राहिले असते, आणि त्यांच्या प्रांजळपणाची खरी कसोटी हीच की, त्यांच्या लिखाणात बायांच्या लिखाणाला जागा सापडते. त्याने ते खोटे पडत नाही. प्रामाणिक आत्मवृत्ताचे मुख्य लक्षण आम्ही हेच मानतो. ज्या घरात आपण राहिलो त्या घरातील दुसऱ्या माणसाने उद्या आपली बाजू मांडली, तर आपले लिखाण टिकेल काय, हा प्रश्न ज्याने लिहिताना मनापुढे ठेवला, त्याचेच वाचावे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आजही ताजी वाटतात ती याच गुणामुळे. पती टिळकांचा संताप, त्यांचा लहरीपणा, 1895 साली त्यांनी केलेल्या धर्मांतराचा आघात आणि स्वतःच्या मनातील सोवळ्याओवळ्याचा पीळ, सर्वांना त्या सारख्याच ममतेने वागवितात.

या अंकासाठी वाचकांकडून आलेल्या हस्तलिखितांपैकी एकाविषयी येथे लिहिणे अवश्य आहे. ते पश्चिम महाराष्ट्रातील एका निवृत्त तलाठ्यांचे आहे. त्यांच्या इच्छेवरून नाव छापलेले नाही. सारी नोकरी त्यांनी इतरांच्या नोंदी करण्यात घालविली: सातबारा, फेरफार, वारसनोंदी, पीकपाहणी. अक्षर वळणदार आणि खाडाखोड जवळजवळ नाहीच. फक्त एका पानावर, ‘बहिणीने हक्कसोडपत्र करून दिले’ हे वाक्य एका सरळ रेघेने खोडून त्याखाली लिहिले आहे, ‘मी बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतले.’ मग पुढील दीड पान तो दिवस येतो. माहेरपणाला आलेली बहीण, तिला एसटीने तालुक्याच्या गावी नेणे, दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेरील बाकावरची प्रतीक्षा, कागद न वाचता तिने केलेली सही, परतताना घेऊन दिलेले लुगडे, आणि ते मांडीवर ठेवून घरापर्यंत खिडकीबाहेर पाहत बसलेली ती. दस्तात मजकूर आहे की, तिने हे स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय केले. तो दस्त कायद्याने निर्दोष आहे, त्याचा फेरफार मंजूर आहे, आणि त्याविरुद्ध आजवर कोणाची तक्रार नाही. सरकारी दफ्तरातील ती नोंद असत्य आहे हे जाणणारी माणसे जगात दोनच, आणि त्यांपैकी एकाने तसे लिहून आमच्याकडे पाठविले. हा मजकूर आम्ही पुनःपुन्हा वाचला. असे लिहिण्याने जमीन परत जात नाही हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, आणि लेखात त्यांनी क्षमाही मागितलेली नाही; घडले तसे लिहिले आहे.

आतापर्यंत ज्यांचा उल्लेख केला त्यांना निदान गावच्या दफ्तरात काही एक स्थान होते. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, ज्यांच्या हक्काचे बलुते मागणाऱ्या हातावर वरून टाकले जाई, त्यांनी लेखणी धरली तेव्हा मराठी आत्मकथनाचा सारा पाया बदलला. दया पवार यांचे ‘बलुतं’ 1978 साली आले. त्यात दगडू मारुती पवार नावाचा मनुष्य आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दोघे एकच आहेत, आणि तरीही शिकून पांढरपेशा झालेल्या माणसाला आपल्याच पूर्वायुष्याकडे पाहताना वाटणारा संकोच मांडण्यास ही दुभंगलेली रचनाच लागली असावी. कावाखान्यातील वस्तीचे दारिद्र्य जितक्या स्पष्टपणे तेथे येते, तितक्याच स्पष्टपणे आपल्या माणसांचे दोष आणि स्वतःचे दुबळेपणही येते. यामुळे स्वकीयांतूनही नाराजी उमटली, आणि ती समजण्यासारखी होती. ज्यांची जगाने केवळ निंदाच केली त्यांना स्वतःची झाकली मूठ उघडणे किती जड जात असेल, याची कल्पना इतरांनी करू नये.

फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या लहानशा दुकानात बसून, घरच्यांच्या नजरेआड, पुष्कळ वर्षे लिहीत राहिल्या. लिहिलेले त्या पतीपासून लपवून ठेवीत. ते ‘स्त्री’ मासिकातून प्रसिद्ध झाले व पुढे ‘जिणं आमचं’ या नावाने ग्रंथरूपाने आले. महारवाड्यातील सुनांचे हाल, सासवांचे क्रौर्य, उपासमार, आणि बाबासाहेबांच्या शब्दाने त्याच बायकांत संचारलेली जिद्द, हे त्यात आहे. स्वतः त्यांनी सोसलेली पतीची मारहाण मात्र त्या ग्रंथात नाही. ती त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितली. यावरून पुस्तकाला अप्रामाणिक म्हणणारा टीकाकार आम्हांला मान्य होणार नाही. सत्य सांगणे याचा अर्थ सारे सांगणे असा केला, तर सर्वांत अधिक सोसलेल्या माणसांवर आपण आणखी एक सक्ती लादतो. बाईंनी वस्तीचे जिणे लिहावयास घेतले होते आणि त्याविषयी त्या एक अक्षरही खोटे बोलल्या नाहीत. केव्हा काय उघड करावे, याचा अधिकार त्यांचाच होता.

याच न्यायाने, आलेल्या लिखाणांपैकी जी केवळ दुसऱ्यांची उणीदुणी काढण्यासाठी लिहिलेली दिसली ती आम्ही परत पाठविली, मग त्यांची भाषा कितीही धीट असो. स्वीकारलेल्या लेखांच्या बोलीला हात लावलेला नाही. व्याकरणाच्या चुकासुद्धा, अर्थाला बाध येत नसेल तेथे, तशाच राहू दिल्या आहेत. मानधन नामवंतांना आणि प्रथमच लिहिणारांना सारखेच दिले आहे.

या लेखांत ज्यांचे उल्लेख आहेत त्यांपैकी कित्येक व्यक्ती हयात आहेत. छापण्यापूर्वी प्रत्येक लेखकाला आम्ही विचारले की, हे त्यांना दाखविले काय. बहुतेकांनी दाखविले आहे. तलाठीसाहेबांनी कळविले की, त्यांनी सारे हस्तलिखित बहिणीला वाचून दाखविले, तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि त्यातील लुगड्याचा रंग तेवढा दुरुस्त करावयास सांगितला. ती दुरुस्ती आम्ही केली आहे. त्या बाईंना लिहिता येते. त्यांना, आणि या अंकातील कोणत्याही लेखात ज्यांचा उल्लेख आला आहे अशा प्रत्येकाला, आपले म्हणणे मांडावयाचे असल्यास पुढील दिवाळी अंकात तितकीच पाने देण्याचे आम्ही कबूल करीत आहोत. मजकूर गणेशोत्सवापूर्वी हाती यावा. हाताने लिहिलेला चालेल.