सनद कुठे आहे?

१८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, हा मजकूर मुलांच्या प्रकल्पवह्यांत पुन्हा पुन्हा उतरतो. त्या उड्डाणाचा खात्रीलायक समकालीन पुरावा आजवर कुणी पुढे ठेवलेला नाही. पण अभिमान पुरावा मागतो कुठे?

म्हणूनच विकिपीडियावर पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांविषयी फुकट राबून लिहिणारी माणसं मला आवडतात. एकाने इंजिनाची अश्वशक्ती लिहिली, की दुसरा विचारतो, कुठलं पुस्तक, कुठलं पान? उत्तर नसेल तर वाक्याला ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लागते. हदीस जमवणाऱ्यांनी हेच केलं. अमक्याने तमक्याकडून ऐकलं, ही साखळी म्हणजे इस्नाद. कडी निसटली की रिवायत ‘जईफ’.

हीच फूटपट्टी आपल्यालाही. नवव्या शतकात कुर्तुब्याचे अब्बास इब्न फिरनास उडाले, हे आपण हौसेने फॉरवर्ड करतो. त्याची सविस्तर हकिकत येते ती अल-मक्करीच्या ग्रंथातून, म्हणजे थेट सतराव्या शतकातून!

मराठीत लिहायचंच तर मुंबईच्या लेफ्टनंट वेलिंकरांवर लिहा. ते २३व्या स्क्वॉड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवत. या विमानात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्याही वर निघायचं. उतरताना विमान उलटलं तर आधी डोकंच जमिनीला लागणार, ही धास्ती. जून १९१८ मध्ये वेलिंकर फ्रान्समध्ये मारले गेले. त्यांची कबर तिथेच आहे, नावानिशी.