गाठ आणि खाडा

स्तनाचा कर्करोग म्हणजे पन्नाशीपुढचे दुखणे, असे आपण समजून चाललो आहोत. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून २० वर्षे मुंबईतील दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. सेविकांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याखालच्या वयात तसा ठोस लाभ दिसला नाही. तेव्हा तरुणींनी शिबिरांवर विसंबू नये; गाठ लागताच, ती दुखत नसली तरी, दवाखाना गाठावा.

पण चाकणच्या कंत्राटी मुलीला नेमके हेच जमत नाही. खाडा म्हणजे पगार बुडाला! कामगार विम्यात कर्करोगासाठी दोन वर्षांपर्यंत ८० टक्के पगार मिळतो. मात्र त्याआधी दोन वर्षे सलग नोकरी हवी. सात महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळणारीने ती आणायची कुठून? कर्करोगापुरती तरी ही अट काढा.