तिथे बेकायदा, इथे 'फॉर्म पूर्ण भरा'

हिंजवडी, खराडी, ऐरोली इथे संध्याकाळी कामाला बसणारी आपली बरीच मुलंमुली आहेत. अमेरिकेतल्या कंपन्यांसाठी तिथली माणसं फोनवरून शोधायची, हे त्यांचं काम. ट्रेनिंगमध्येच त्यांना बजावलं जातं की न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्सच्या उमेदवाराला आधीचा पगार विचारायचा नाही. अपेक्षा किती, एवढंच विचारायचं. आता त्यांनाच विचारा, तुम्हाला ही नोकरी कशी मिळाली? 'करंट सीटीसी'चा रकाना भरून, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट जोडून.

न्यूयॉर्कच्या माणसाला जो प्रश्न विचारणं बेकायदा, त्याच्यापुढे पुण्यातल्या फॉर्ममध्ये लाल चांदणी असते. भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. असा नियम पाळणं जमत नाही, असं या कंपन्या म्हणू शकत नाहीत. त्या तो रोज रात्री पाळतात, आणि आपल्याच पोरांकडून पाळून घेतात.

तिथे हा कायदा का लागला ते समजून घेण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो काउंटीच्या शिक्षण कार्यालयात एलीन रिझो नावाच्या बाई २००९ मध्ये गणिताच्या सल्लागार म्हणून लागल्या. कार्यालयाची पद्धत साधी होती : आधीचा पगार, त्यावर पाच टक्के. २०१२ मध्ये जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पांत त्यांना कळलं की त्याच कामावर नव्याने आलेल्या एका पुरुषाचा पगार आपल्यापेक्षा जास्त आहे. त्या कोर्टात गेल्या. कार्यालयाचं म्हणणं असं की आम्ही बाई-पुरुष असा भेद केलेलाच नाही, आम्ही फक्त आधीचा पगार पाहिला. २०२० मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने हा बचाव फेटाळला. आधीच्या पगारातच भेद मुरलेला असेल, तर त्याच पगाराच्या आधाराने केलेला भेद निर्दोष कसा ठरणार?

या मुद्द्यावर मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्येच कायदा केला होता. तो २०१८ मध्ये लागू झाला. न्यूयॉर्क शहराने ३१ ऑक्टोबर २०१७ पासून, कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१८ पासून हा प्रश्न बंद केला. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशातही हीच मनाई आहे आणि सदस्य देशांना आपापले कायदे त्याप्रमाणे करायला ७ जून २०२६ ही मुदत दिलेली आहे.

आता हे आपल्याकडे लावून बघा. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला पुढचं बोलावणं येण्याचं प्रमाण सुमारे एक-तृतीयांश. २०२२ मध्ये लेड बाय फाउंडेशनने हजार नोकऱ्यांना दोन बायकांच्या नावे सारखेच अर्ज पाठवले. हिंदू नावाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर, मुस्लिम नावाला १०३.

हे दारातलं झालं. जिला निम्मीच दारं उघडतात, ती पहिली ऑफर मिळेल त्या पगारात घेते. घासाघीस करायला दुसरी ऑफर हातात लागते, ती तिच्याकडे नसते. समजा तिला वर्षाला २ लाख ४० हजार मिळाले आणि तिच्याच वर्गातल्या मुलाला साडेतीन लाख. फरक १ लाख १० हजारांचा. दोघांनी तीनदा नोकरी बदलली, दोघांनाही दर वेळी 'करंटवर तीस टक्के' मिळाले. कुणी कुणावर अन्याय केला नाही, एचआरने दोघांना एकच टक्का लावला. तरी फरक झाला २ लाख ४२ हजारांचा. नाव बघून पहिल्यांदा जे कापलं गेलं, ते पुढच्या कंपन्या नाव न बघताही कापत राहतात. म्हणून 'आम्ही धर्म विचारतच नाही' या वाक्याने मला तरी काही समाधान वाटत नाही. पगार विचारता ना, मग झालं!

यावर एक आक्षेप वजनदार आहे. माहिती काढून घेतली की मालक अंदाजाने वागतो आणि अंदाज नेहमी दुबळ्याच्या विरुद्ध जातो. अमेरिकेत अर्जावरून गुन्ह्याच्या नोंदीचा प्रश्न काढला, तेव्हा काही ठिकाणी काळ्या तरुणांना बोलावणं उलट कमी झालं, हे खरं आहे. पण पगाराच्या बाबतीत बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांना वेगळं दिसलं : बंदीनंतर नोकरी बदलणाऱ्यांचे पगार सरासरी पाच टक्के वाढले, बायकांचे आठ आणि आफ्रिकन-अमेरिकनांचे तेरा टक्के. कंपन्या जाहिरातीत पगार जास्त वेळा छापू लागल्या, हेही त्यांनी नोंदवलं. पळवाट आहेच. उमेदवाराने आपणहून आकडा सांगितला तर बहुतेक ठिकाणी चालतं, आणि मग गप्प राहणाऱ्याचा पगार कमीच असणार असं धरलं जातं. म्हणून नुसती मनाई पुरत नाही, पगाराची पट्टी आधी जाहीर करायला लावावी लागते. न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर २०२२ पासून ती सक्ती केली.

घरचे आणि मोहल्ल्यातले थोरले यावर एकच तोडगा सांगतात : वाढवून सांग, सगळेच सांगतात. फॉर्म १६ मागितला की पोरगी खोटारडी ठरते आणि मग 'ह्यांचं असंच असतं' हे ऐकायला सगळी कौम. असा सल्ला देणं बंद करा. त्यापेक्षा तिला विचारायला शिकवा की 'या जागेसाठी तुमचं बजेट किती आहे?' नोकरीची गरज असलेली मुलगी एकटी किती ताणणार, हेही मला कळतं. म्हणून मागणी आपण संघटनेने करायची. अमेरिकेत हा प्रश्न न विचारणाऱ्या प्रत्येक कंपनीला तिच्या पुण्या-मुंबईच्या ऑफिसच्या पत्त्यावर लेखी विचारायचं की इथे का विचारता? कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे महाराष्ट्र स्वतः कायदा करू शकतो. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करताना या राज्याने दिल्लीची वाट पाहिली नव्हती.

आणि आपल्या संस्थांचं काय? उर्दू शाळा, ट्रस्टची कॉलेजं, दवाखाने. जाहिरातीत 'पगार योग्यतेनुसार', मुलाखतीत 'आधी कुठे होता, किती मिळायचे?' आणि वर 'खिदमत समजून करा'. बी.एड. झालेल्या आपल्याच मुलींचा पगार अशाने दाबला जातो. फिकहमध्ये इजाऱ्याच्या कराराची अटच आहे की मजुरी आधी ठरलेली आणि दोघांना माहीत असली पाहिजे. जुम्म्याच्या बयानात मजुराच्या हक्कावर बोलणारे किती तरी जण या ट्रस्टांवर बसलेले असतात. जाहिरातीत आकडा छापायला त्यांना कुठल्या कायद्याची गरज नाही. जूनच्या भरतीच्या जाहिराती एप्रिलपासून येऊ लागतील. ज्यात आकडा नसेल ती कापून, ट्रस्टच्या नावासह, आमच्याकडे पाठवा.